पायलट नव्हता तो

सिडनीच्या पश्चिमेला लिव्हरपूल नावाचं उपनगर आहे. गौरी जेवायच्या दिवशी तिथल्या एका मैत्रिणीकडे चाललो होतो. पुढच्या सीटवर तिचे सासरे, आप्पा. पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेले, निवृत्त, आणि त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणारे. "व्हिटलम लीझर सेंटर," त्यांनी वाचलं. "हा कोण गं?" मी म्हटलं, इथला जुना पंतप्रधान, गॉफ व्हिटलम, सत्तरच्या दशकातला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता. आप्पा एकदम सावरून बसले. "पायलट?" "नाही, नॅव्हिगेटर." "असं होय," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "इथे पार्किंगचे पैसे पडतात का?"

जेवण झालं, पुरणपोळ्या झाल्या, आरती झाली, तरी ते 'असं होय' काही डोक्यातून जाईना. आप्पांचा त्यात काय दोष? नव्वद टक्के लोक हेच म्हणतील. पण मला ते झोंबलं त्याचं कारण वेगळं होतं. माझे बाबा मध्य रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. शाळेत कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, बाबा रेल्वेत आहेत. पुढचा प्रश्न ठरलेला: "इंजिन चालवतात?" नाही, गार्ड आहेत. मग ते पोरगं दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागायचं. बाबा मालगाडीच्या शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसायचे. लाकडी बाक, पंखा नाही, दिवा नाही, धक्के मात्र सगळ्या गाडीचे. सोबत त्यांचं नाव रंगवलेला काळा लाइन बॉक्स, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. आणि एक रफ जर्नल. कुठलं स्टेशन किती वाजून किती मिनिटांनी पास झालं, लूप लाइनला किती वेळ उभं केलं, कशामुळे, सगळं त्यात. गाडी पुढे दुसराच कुणीतरी चालवायचा, पण ती कुठे होती आणि कधी होती हे बाबांच्या वहीत असायचं. मनमाडच्या पुढे एकदा मालगाडी रात्रभर उभी राहिली, तर वरच्या साहेबांनी इंजिनवाल्याची आठवण मानली नाही, बाबांची वही मागवली. ही गोष्ट बाबा आयुष्यभर सांगत आले. रेल्वेने अलीकडे गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा ते नुसते हसले होते.

तर व्हिटलम. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि पाठोपाठ या पंचवीस वर्षांच्या वकिलीच्या विद्यार्थ्याने हवाई दलात नाव दिलं. बोलावणं यायला १९४२ उजाडलं. त्या दरम्यान एप्रिलमध्ये लग्न करून घेतलं. बायको मार्गरेट १९३८ च्या एम्पायर गेम्समध्ये पोहलेली, सहा फुटांच्या वर उंच. हा स्वतः सहा फूट चार इंच. एवढा ताडमाड माणूस विमानात घडी घालून बसायचा कसा, हा प्रश्न मला राजकारणाच्या आधी पडतो. ऑस्ट्रेलियाने त्या काळात एका साम्राज्यव्यापी योजनेखाली ३७ हजारांहून जास्त वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर, वायरलेसवाले तयार केले. हजारो जण ब्रिटनला गेले आणि जर्मनीवर रात्रीच्या बॉम्बफेकीत उडाले. एकट्या बॉम्बर कमांडमध्ये ३,४८६ ऑस्ट्रेलियन हवाई सैनिक मेले. सिनेमे निघाले ते त्यांच्यावर. व्हिटलमच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. तो नॅव्हिगेशन आणि बॉम्ब टाकणं ही दोन्ही कामं शिकला आणि १३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये गेला. विमान लॉकहीड व्हेंचुरा: दोन इंजिनांचं, प्रवासी विमानाच्या सांगाड्यावरून बेतलेलं, पोटात बॉम्ब भरलेलं. आधी किनाऱ्यालगतची गस्त, जहाजांची राखण. मग थेट उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरीतल्या गोव्ह द्वीपकल्पावर. तिथून अराफुरा समुद्र ओलांडून जपान्यांच्या ताब्यातली डच बेटं, म्हणजे आजच्या इंडोनेशियातली.

आता हे नॅव्हिगेटरचं काम नेमकं काय, ते थोडं जवळून बघू, कारण आप्पांना ते कुणी सांगितलेलं नाही आणि आपल्याला तर फोनवरचा निळा ठिपकाच माहीत. समुद्रावर खाली पाणी, वर आभाळ, खुणेला काही नाही. नॅव्हिगेटरपुढे एक नकाशा, पेन्सिल, खोडरबर, कर्कटक, कोनमापक, घड्याळ आणि वाऱ्याचं गणित करायची एक गोल फिरती तबकडी. विमानाचा वेग माहीत, होकायंत्राची दिशा माहीत, निघाल्याची वेळ माहीत. तेवढ्यावरून 'आपण आत्ता इथे असायला हवे' असा नकाशावर एक बिंदू काढायचा. पण वारा विमानाला गुपचूप बाजूला ढकलत असतो, आणि वारा काही होकायंत्रात दिसत नाही. मग खाली लाटांच्या फेसाकडे यंत्रातून बघायचं, फेस तिरका कुठे सरकतोय ते मोजायचं, त्यावरून विमान किती अंश वाहवतंय ते काढायचं, पायलटला नवी दिशा सांगायची, वहीत वेळ टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. साठ मैलांना एक अंश चुकलात तर एक मैल बाजूला, हा त्यांचा पाठ केलेला हिशेब. म्हणजे तीनशे मैलांच्या समुद्रावर पाच अंशांची गफलत झाली तर किनाऱ्याला लागाल तेव्हा तुमची धावपट्टी पंचवीस मैल लांब असेल. कुठल्या बाजूला, ते ठाऊक नाही. जंगल तोडून केलेली पट्टी, पावसाळ्यात समोर भिंतीसारखे ढग, आणि टाकीत इंधन मोजकं. इथे शौर्याला फारसं काम नाही. दुपारच्या उकाड्यात, इंजिनांच्या घरघरीत, दर थोड्या मिनिटांनी तोच हिशेब न कंटाळता करायचा. कंटाळलेला नॅव्हिगेटर पाच जणांना समुद्रात घालतो.

रात्रीच्या उड्डाणासाठी तारे शिकवत. त्या ताऱ्यांची यादी वाचताना मला गंमत वाटली, कारण निम्मे आपल्या घरचे निघाले. स्पायका म्हणजे आपली चित्रा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, अँटेरीस म्हणजे ज्येष्ठा, रेग्युलस म्हणजे मघा, आल्डेबरन म्हणजे रोहिणी. कॅनोपस म्हणजे अगस्त्य, जो आपल्याकडे दक्षिणेला जेमतेम वर येतो आणि तिकडे चांगला डोक्याकडे चढतो. ज्यांचा मुहूर्त बघून आजीने माझ्या मावश्यांची लग्नं ठरवली, तेच तारे धरून ही पोरं जीव वाचवत होती. एक मात्र त्यांच्याकडे नव्हता. ध्रुव. विषुववृत्ताच्या खाली तो दिसतच नाही. दक्षिणेच्या आकाशात ध्रुवाच्या जागेवर असा एकही ठळक तारा नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी गणित.

गोव्ह हे नावही एका नॅव्हिगेटरचं आहे. विल्यम गोव्ह, याच १३ नंबरच्या स्क्वाड्रनमधला पायलट ऑफिसर. हुद्द्यात पायलट, कामाने नॅव्हिगेटर! एप्रिल १९४३ मध्ये मिलिंगिंबी बेटापाशी दोन हडसन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली, त्यात तो गेला. शत्रूची गोळी नाही, काही नाही. नंतर बांधलेल्या विमानतळाला त्याचं नाव दिलं, विमानतळावरून सगळ्या द्वीपकल्पाला ते चिकटलं. आजही विमानाच्या तिकिटावर गोव्ह असंच छापून येतं.

व्हिटलमच्या युद्धात सांगण्याजोगी चकमक जवळजवळ नाही.

त्याचं खरं युद्ध मला वाटतं १९४४ च्या ऑगस्टमध्ये झालं, आणि तेही मतपेटीशी. कर्टिन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने जनमत घेतलं होतं: युद्धानंतरची पाच वर्षं केंद्राला चौदा वाढीव अधिकार द्या. परतलेल्या सैनिकांचं पुनर्वसन, रोजगार, कुटुंबभत्ते, असं बरंच काही. आणि त्या चौदांतला एक अधिकार मूळ रहिवाशांच्या बाबतीत कायदे करण्याचा. तोवर ते सगळं राज्यांच्या मर्जीवर होतं. चौदाही गोष्टींना मिळून एकच मत, हो किंवा नाही. गणवेशातला व्हिटलम आपल्या स्क्वाड्रनच्या पोरांना 'हो' म्हणायला सांगत फिरत होता. आधीच्या वर्षी निवडणुकीत त्याने पक्षाची पत्रकंही वाटली होती. मला हे डोळ्यांपुढे आणायला आवडतं: तंबूत घामाने निथळणारे, पत्ते कुटणारे, घरच्या पत्राची वाट बघणारे लोक, आणि हा लंबूटांग माणूस त्यांना राज्यघटना समजावतोय. वडील सरकारचे वरिष्ठ कायदा अधिकारी, त्यामुळे घटना त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर असणार. पोरं वैतागली असतील. जनमत पडलं. सहांपैकी दोनच राज्यांनी होकार दिला आणि देशभरात ४६ टक्के. पुढे व्हिटलमने स्वतःच सांगितलंय की त्या पराभवाने त्याची आशा मोडली, आणि घटना बदलायची असं त्याने तिथून मनाशी धरलं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये, अंगावर गणवेश असतानाच, तो सिडनीत मजूर पक्षाचा सभासद झाला. मूळ रहिवाशांबद्दलचा तो अधिकार केंद्राला मिळाला १९६७ च्या जनमतात, नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी. म्हणजे तेवीस वर्षांनी.

आणि हे सगळं घडत होतं ते गोव्हवर, कुणाच्या अंगणात? तिथून जवळच यिरकला. तिथे योलंगु लोक, ज्यांचं तिथलं राहणं कुठल्याही नकाशाहून जुनं. त्यांची गोष्ट वाचताना माझं व्हिटलमकडे जरा दुर्लक्षच झालं. १९३२ मध्ये कॅलेडन उपसागरात समुद्रकाकडी गोळा करायला आलेल्या पाच जपान्यांना योलंगुंनी मारलं. त्याबद्दल त्यांच्या तीन तरुणांना डार्विनच्या कोर्टाने वीस वर्षांची सजा दिली. डोनाल्ड थॉमसन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ मध्ये पडला आणि ते सुटले. पुढे दहाच वर्षांत हाच थॉमसन हवाई दलाचा स्क्वाड्रन लीडर होऊन परत आला आणि म्हणाला, आता जपानी किनाऱ्यावर उतरले तर मारा. पन्नासेक योलंगुंची टेहळणी तुकडी उभी राहिली. भाले घेऊन, आपल्याच किनाऱ्यावर पहारा. त्यांना होकायंत्र लागत नव्हतं, तबकडी लागत नव्हती, कुठली खाडी भरतीला कशी बदलते ते पायांना ठाऊक. पगार? तंबाखू, मासे धरायचे गळ, तार. रोख काही नाही. १९४३ मध्ये तुकडी मोडली. थकलेला पगार आणि पदकं मिळाली १९९२ साली, म्हणजे बहुतेकांच्या पश्चात. त्याच किनाऱ्यावर, त्याच युद्धात, एकाच्या नावाने विमानतळ झाला आणि दुसऱ्याला गळ मिळाले. हे वाचून राग येतो, आणि मग तो राग नेमका कुणावर काढावा ते कळत नाही. थॉमसनवर? तो तर त्यांच्या बाजूचा होता.

धावपट्टीच्या आसपासच्या लाल मातीत बॉक्साइट निघालं. सरकारने योलंगुंना न विचारता खाणीला जमीन देऊ केली, तेव्हा १९६३ मध्ये त्यांनी झाडाच्या सालीवर अर्ज लिहिले. कडेने गेरू, काव, चुन्याच्या रंगातली त्यांच्या कुळांची चित्रं, मधे कागदावर टंकलेला मजकूर, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत. ते अर्ज आज कॅनबेराच्या संसद भवनात काचेमागे आहेत. मी पाहिलेत. अर्जासारखा अर्ज, पण मजकूर वाचायच्या आधी नजर कडेच्या मासे-कासवांवरच खिळते, आणि वाटतं, ही कड म्हणजेच सातबारा आहे, बाबूंना वाचता आला नाही इतकंच. पुढे खटला झाला. १९७१ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केलं की या लोकांना स्वतःची नीट कायदाव्यवस्था आहे, आणि तरी निकाल खाणीच्या बाजूने दिला. पुढच्याच वर्षी व्हिटलम पंतप्रधान झाला. त्याने योलंगुंच्या बाजूने लढलेले वकील वूडवर्ड यांनाच मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांची चौकशी करायला नेमलं. त्यातून पुढे कायदा झाला, तो मात्र त्याचं सरकार गेल्यावर, १९७६ मध्ये.

व्हिटलमचा सगळ्यांत गाजलेला फोटोही मातीचाच आहे. १६ ऑगस्ट १९७५, गुरिंजी लोकांचा म्हातारा नेता व्हिन्सेंट लिंजियारी हात पसरून उभा आणि सूट घातलेला व्हिटलम त्याच्या ओंजळीत वाळूसारखी माती सोडतोय. वेव्ह हिल नावाच्या गुरांच्या मळ्यावरच्या गुरिंजी गुराख्यांनी ज्या जमिनीसाठी १९६६ मध्ये काम टाकलं, तिचा तो ताबा. फोटो काढणारा मर्व्हिन बिशप स्वतः मूळ रहिवासी. मूळ कार्यक्रम सावलीत झाला, तिथे उजेड पुरेना, म्हणून त्याने दोघांना उन्हात नेऊन माती पुन्हा ओतायला लावली. हे कळल्यावर काही लोकांचा हिरमोड होतो म्हणे. मला उलट तो फोटो तेव्हापासून जास्त आवडायला लागला. पंतप्रधान आणि म्हातारा, दोघंही फोटोग्राफरचं ऐकून निमूट उन्हात गेले, यातच काहीतरी बरं आहे.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबरला, गव्हर्नर जनरलने, म्हणजे राणीच्या इथल्या प्रतिनिधीने, त्याचं सरकार बडतर्फ केलं. इथे लिहिणाऱ्याला मोह होतो: नॅव्हिगेटरने दिशा बरोबर सांगितली, पण विमान चालवता आलं नाही, इंधन संपलं, वगैरे. फार सोयीची तुलना आहे, आणि मला ती पटत नाही. सरकार चालवताना त्याच्या माणसांनी घोळ घातलेच, परदेशी कर्जाचं प्रकरण तर निस्तरता निस्तरेना, आणि तो स्वतः कुणाचं ऐकून घेण्यातला नव्हता. दर थोड्या मिनिटांनी वारा मोजायची सवय कुठे गेली, असं विचारावंसं वाटतं. म्हणजे नॅव्हिगेटर असण्याने माणूस नॅव्हिगेटरसारखा राहतोच असं नाही. बाबाही घरी कधी वेळेवर जेवायला बसले नाहीत.

आमचं त्याच्याशी नातं सरळ व्यवहाराचं आहे. फक्त गोऱ्यांना घ्यायचं हे इथलं जुनं धोरण १९६६ पासून सैल होत होतं, ते १९७३ मध्ये त्याच्या सरकारने मोडीत काढलं. त्याशिवाय सिडनीच्या पश्चिमेला गौरी बसल्या नसत्या. आणि इथल्या उपनगरांत तेव्हा मलवाहिन्या नव्हत्या, टाक्या उपसायला गाडी यायची. तो स्वतः कॅब्रमॅटात राहायचा, त्यामुळे त्याला ते भाषणापुरतं नव्हे तर नाकाने माहीत होतं. केंद्राचा पैसा त्याने गटारांवर घातला. पंतप्रधानाने संडासाबद्दल बोलावं याची त्या काळी टिंगल झाली. आज आमच्यातले जे लोक वीकेंडच्या पार्टीत त्याला 'उधळ्या' म्हणतात, त्यांच्या घराची किंमत त्या पाइपावर उभी आहे, हे मी एकदा बोलून दाखवलं होतं. विषय बदलला गेला.

गोव्हचा हिशेब अजून चालूच आहे. योलंगुंमधल्या गुमाज कुळाचे नेते युनुपिंगु यांनी २०१९ मध्ये केंद्र सरकारवर दावा लावला की आमची जमीन आणि खाणीचे हक्क योग्य मोबदल्याशिवाय घेतले गेले. दावा १९११ ते १९७८ या काळाचा आहे, म्हणजे युद्धाची वर्षं आणि व्हिटलमची तीन वर्षं दोन्ही त्यात आली. निकाल बघायला युनुपिंगु राहिले नाहीत, २०२३ मध्ये गेले. मार्च २०२५ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, त्यांच्या बाजूने कौल दिला. भरपाई किती, ते ठरायचं आहे. दावा चालू नये म्हणून हायकोर्टापर्यंत अपील घेऊन गेलेलं सरकार कुठल्या पक्षाचं होतं, ते पाहिलं. मजूर पक्षाचं. चौदा अधिकारांसाठी तंबूतंबूतून फिरलेल्या त्या माणसाने गणवेशात ज्या पक्षाचं सभासदत्व घेतलं, त्याच पक्षाचं.